वाचकांचे प्रश्न : माशावरचा पाक करपतो कुठं?

गेल्या अंकात घाईच्या संध्याकाळसाठी एक टीप दिली होती. मासा तव्यावर परता, वर गूळ-कोकमाचा दाट पाक घाला, चकचकीत लेप बसला की वाढा, अर्ध्या तासात जेवण तयार. टीप चारच ओळींची होती आणि ती आखूड पडली, हे आलेल्या पत्रांवरून दिसतं. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं इथं देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सुरमईच्या चार तुकड्या आणल्या. गूळ, कोकमाचं आगळ, आलं-लसूण, तिखट सगळं कालवून माशाला अर्धा तास चोपडून ठेवलं आणि तव्यावर टाकलं. बाहेरून कोळसा, काट्याजवळ कच्चं. आगळ जास्त झालं का?
(दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : आगळाचा काही दोष नाही. पाक आधी लावलात, तिथं चुकलं. रव्यातल्या माशाला आपण मसाला आधी चोपडतो, त्याच सवयीनं हात इथंही गेला. पण माशाला शिजायला लागणारा वेळ आणि गुळाला करपायला लागणारा वेळ यांचा मेळ बसत नाही. मासा परतताना तवा १८० ते २०० अंशांच्या घरात असतो. पाकात पाणी असेपर्यंत तो शंभराच्या थोडाच वर राहतो. पाणी उडालं की तापमान झपाट्यानं चढतं, १६० च्या पुढं साखर रंग बदलते आणि आणखी थोड्या वेळात कडू होते. चोपडलेल्या पातळ थरातलं पाणी मिनिटभरात संपतं. सुरमईच्या तुकडीला मात्र पाच-सहा मिनिटं लागतात. उरलेली चार-पाच मिनिटं गूळ नुसता जळत होता.

म्हणून दोन शेगड्या वापरा. एकीवर पाक, दुसरीवर मासा, आणि दोघांची गाठ शेवटच्या मिनिटात.

चौघांसाठी प्रमाण असं. सुरमईच्या चार तुकड्या, प्रत्येकी दीडशे ग्रॅमच्या आसपास, जाडी दोन सेंटिमीटर. विक्रेत्याला जाडी बोटानं दाखवून सांगा, नाहीतर तो तळणीसाठी कापतो तशा पातळ देईल. पाकासाठी बारीक चिरलेला गूळ ५० ग्रॅम, पाणी अर्धी वाटी (७५ मिली), कोकमाचं आगळ दोन मोठे चमचे (३० मिली), किसलेलं आलं एक चहाचा चमचा, लसणाच्या चार पाकळ्या अगदी बारीक चिरून, रंगाचं तिखट एक चहाचा चमचा, शेवटी एक चमचा लोणी. लावायला तांदळाची पिठी दोन मोठे चमचे.

आधी भाताचा कुकर लावा. माशाला अर्धा चहाचा चमचा मीठ आणि चिमूटभर हळद लावून दहा मिनिटं ठेवा. मीठ इतकंच, कारण बाजारचं आगळ खारट असतं. तेवढ्यात स्टीलच्या पसरट भांड्यात चमचाभर तेलावर लसूण अर्धं मिनिट परता. लाल होऊ देऊ नका. त्यात पाणी, गूळ, आलं, तिखट घाला. गूळ विरघळल्यावर गाळायचा असेल तर आलं-तिखट घालण्याआधीच गाळून घ्या, कारण गुळात कचकच असतेच. मग आगळ घाला आणि मध्यम आचेवर निम्म्याहून थोडं कमी होईतो आटवा. सहा-सात मिनिटं लागतील. चमच्याच्या पाठीवर लेप धरला आणि त्यावर बोटानं ओढलेली रेघ तशीच राहिली की शेगडी बंद करा. तार बघायची नाही. एकतारी आली म्हणजे या कामासाठी पाक पुढं गेला.

आता मासा. मिठानं सुटलेलं पाणी स्वच्छ पंचानं किंवा कागदानं पूर्ण टिपून घ्या. ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि मग तव्याला दोष देतात. ओल्या तुकडीखाली वाफ होते, मासा भाजण्याऐवजी उकडतो आणि सालीसकट चिकटतो. टिपल्यावर तांदळाच्या पिठीचा अगदी पातळ हात फिरवून जास्तीची झटका. पिठीमुळे पाकाला धरायला खरखरीत पाठ मिळते. तवा तापवा, दोन मोठे चमचे तेल घाला, तेल हलकं लवलवलं की तुकड्या ठेवा. पहिली दहा सेकंद उलथण्यानं हलकेच दाबा आणि मग तीन मिनिटं हातच लावू नका. कड सोनेरी झाली की तुकडी आपोआप सुटते. सुटत नसेल तर ती अजून तयार नाही, खरवडू नका. उलटून दोन मिनिटं. आच मंद करा, तव्यातलं जास्तीचं तेल काढून टाका, पाक ओता आणि चमच्यानं तुकडीवर घेत राहा. पाऊण ते एक मिनिट पुरे. लोणी घाला, तवा गोल फिरवा, खाली उतरवा.

मासा झाला की नाही हे काट्याजवळ सुरीचं टोक घालून पाहा. मांस काचेसारखं पारदर्शक दिसलं तर आणखी मिनिटभर हवं. पांढरं होऊन पापुद्र्यांनी सुटत असेल तर झालं. तापमापक असेल तर मधोमध ६३ अंश.

प्रश्न : बिडाचा तवा वापरला. मासा सुरेख सुटला, पण पाक काळपट झाला आणि जिभेला लोखंड लागलं.
(रावपुरा)

उत्तर : आगळ, चिंच, लिंबू ही आंबट मंडळी बिडाशी जमवून घेत नाहीत. मासा बिडावरच परता, त्यासाठी तो उत्तम. मग तुकड्या उचलून पाकाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवा आणि लेप तिथं बसवा. वर थर नसलेल्या साध्या ॲल्युमिनियमच्या कढईचंही तेच. पाक तळाला लागलाच तर घासत बसू नका. पाणी भरून पाच मिनिटं उकळा, साखर विरघळून सुटते.

प्रश्न : पाकिटात गोठवलेले बासाचे बिनकाट्याचे काप घेतले. पाकिटावर ‘ग्लेझ्ड’ असं छापलेलं. म्हणजे गोड लेप आधीच लावलाय का? आम्ही वरून पाक घातला, तर सगळं पाण्यात पोहायला लागलं.
(वाघोडिया रोड)

उत्तर : शब्द एक, अर्थ दोन. पाकिटावरचं ग्लेझ म्हणजे बर्फाचं कवच. गोठवलेल्या माशाला हवा लागून तो सुकू नये म्हणून त्यावर पाण्याचा पातळ थर गोठवतात. साखरेचा संबंध नाही. खरेदी करताना मात्र हे पाहा की लिहिलेलं वजन बर्फ धरून आहे की बर्फ सोडून. किलोच्या पाकिटात वीस टक्के कवच असेल तर हाती आठशे ग्रॅमच मासा येतो, आणि चौघांचा अंदाज तिथंच चुकतो.

तुम्ही बहुतेक तो अर्धवट वितळलेला असताना तव्यावर टाकला. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खाली ताट ठेवून, काढून ठेवा. विसरलात तर काप पिशवीत घट्ट बंद करून थंड पाण्यात अर्धा-पाऊण तास. गरम पाण्यात नको. बाहेरची बाजू शिजू लागते, आत बर्फ तसाच. वितळला की दोन पंच्यांमध्ये ठेवून तळहातानं दाबा, निघणारं पाणी बघून आश्चर्य वाटेल. बासाला मुळातच पाणी फार आणि चव सौम्य, तेव्हा पिठीचा हात थोडा जाड ठेवा आणि पाक नेहमीपेक्षा थोडा जास्त आटवा. झाकण ठेवू नका. वाफ झाकणाला लागून परत पाकात पडते.

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या काळात समुद्राचा ‘एकदम ताजा’ म्हणून दाखवलेला मासा गोठवलेलाच असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी चांगलं पाकीट घेणं अधिक प्रामाणिक.

प्रश्न : मुलीला जपानी तेरियाकी हवं असतं. कृतीत मिरिन लागतं असं वाचलं. बडोद्यात कुठं मिळेल?
(अलकापुरी)

उत्तर : मिरिन ही तांदळाची गोड दारू, चौदा टक्क्यांच्या आसपास मद्यार्काची. गुजरातेत दारूबंदी, तेव्हा शोधाशोध सोडा. तेरियाकीतलं ‘तेरी’ म्हणजे चकाकी आणि ‘याकी’ म्हणजे भाजणं. ती चकाकी साखरेची असते, ती आपल्याकडे भरपूर आहे. सोया सॉस तीन मोठे चमचे, साखर दोन, पाणी तीन, व्हिनेगर एक चहाचा चमचा, आल्याच्या दोन चकत्या. निम्म्यावर आटवा. माशाला मीठ अजिबात लावू नका, सोयात ते पुरेसं असतं. ‘डार्क’ लिहिलेली बाटली असेल तर सोया दोनच चमचे घ्या, पाणी एक चमचा वाढवा आणि चाखून बघा, कारण रंग आधी येतो आणि चवीचा अंदाज चुकतो.

साखरेऐवजी मध घालणाऱ्यांनी आच आणखी मंद ठेवावी. मधातली फळसाखर ११० अंशांच्या आसपासच तांबूस होऊ लागते, गुळाच्या कितीतरी आधी.

प्रश्न : सुरमई खाल्ल्यावर अर्ध्या तासात घरातल्या दोघांचा चेहरा लालबुंद झाला, डोकं ठणकलं, अंगाला खाज सुटली. आधी कधी माशाची ॲलर्जी नव्हती. पाकात काही बिघडलं का?
(निजामपुरा)

उत्तर : पाक सोडा, हे लक्षण माशाच्या साठवणीचं दिसतं. सुरमई, बांगडा, कुपा (ट्यूना) अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा काही तास उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि ॲलर्जीसारखीच लक्षणं उमटतात. घातक भाग असा की एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून, गोठवून जात नाही, आणि माशाला वास येईलच असंही नाही. खाताना जिभेला मिरीसारखी चरचर जाणवली तर घास तिथंच थांबवा. खरी ॲलर्जी नाही ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या. श्वासाला त्रास झाला तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

बडोद्याला मासा बाहेरून, बर्फातून येतो. म्हणजे त्याच्या तब्येतीचा सगळा भार बर्फावर. अख्खा मासा असेल तर कल्ले लाल, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोटानं दाबलेला खळगा लगेच भरून आलेला, एवढं पाहा. कापलेल्या तुकड्या घेणार असाल तर काप ओलसर चमकदार हवेत. कडा सुकलेल्या, मधल्या रक्ताच्या पट्ट्याचा रंग चॉकलेटी झालेला असेल तर हात आखडा. बर्फावर पसरलेला मासा आणि बर्फ वितळलेल्या पाण्यात पडलेला मासा यांत फरक करा. दुसरा घेऊ नका. बाजाराच्या फेरीत मासा सगळ्यात शेवटी घ्यायचा, वर बर्फ मागून घ्यायचा, आणि घरी आल्याआल्या फ्रिजमध्ये सगळ्यात थंड जागी, चार अंशांच्या खाली. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत मासा ठेवून भाजी निवडत उभं राहणं म्हणजे वरच्या प्रश्नाला आमंत्रण.

प्रश्न : सोसायटीत आजूबाजूला सगळे शाकाहारी. मासा केला की जिन्यात वास जातो आणि सकाळी नजरा सोसाव्या लागतात. काही उपाय?
(मांजलपूर)

उत्तर : नजरांवर उपाय नाही, वासावर आहे. माशाचा वास मुख्यतः ट्रायमेथिलअमाइन नावाच्या पदार्थाचा, आणि तो आम्लाला दबतो. आगळ किंवा लिंबाचा रस यात चवीपलीकडचं काम करतात. मासा शिळा जितका, वास तितका जास्त, म्हणजे निम्मी लढाई बाजारातच. धुतल्यावर टिपलेले कागद, काटे, साल हे डब्यात टाकू नका. पिशवीत गाठ मारून थेट फ्रीझरमध्ये, आणि सकाळी कचऱ्याची गाडी आली की बाहेर. जिन्यातला वास बहुतेकदा तव्याचा नसून रात्रभर कुजलेल्या कचऱ्याचा असतो.

भांडी आधी गार पाण्यानं धुवा, साबण-गरम पाणी नंतर. गरम पाण्यानं प्रथिनं भांड्याला धरतात. हाताला बेसन चोळा. तव्यावरचं काम इथं सहा-सात मिनिटांचं, तळणीसारखं तासभराचं नाही. तेवढी मिनिटं स्वयंपाकघराचं दार लोटून घ्या आणि खिडकी उघडी ठेवा.

प्रश्न : पाक ताटात जाईपर्यंत चिक्कीसारखा कडक झाला. दुसऱ्यांदा केला तेव्हा खाली रवाळ बसला. दोन्हीचं कारण काय?
(कारेलीबाग)

उत्तर : कडक झाला तो जास्त आटल्यानं. पाक गार होताना आणखी घट्ट होतो, म्हणून शेगडीवर तो थोडा पातळच वाटायला हवा. कडक झालेल्यात चमचाभर उकळतं पाणी घालून ढवळा, सुटेल. चिकीचा गूळ वापरला असेल तर आणखी जपा, तो चिवट असल्यानं तिळाच्या लाडवांना बरा, इथं साधा पिवळा गूळ सोयीचा.

रवाळ झाला म्हणजे आंबट कमी पडलं किंवा भांड्याच्या कडेला चिकटलेले साखरेचे कण परत आत पडले. आम्लामुळे साखरेचा काही भाग फुटतो आणि खडे धरत नाहीत. आगळ नसेल तर दहा आमसुलं अर्ध्या वाटी गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून, चुरून, गाळून ते पाणी वापरा. मग साधं पाणी घालायचं नाही, आणि आमसुलांच्या खारटपणाप्रमाणे मीठ चाखून.

पाक पातळच राहिला आणि माणसं ताटावर बसली असतील तर अर्धा चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर चमचाभर गार पाण्यात कालवून घाला आणि अर्धं मिनिट उकळा. चकाकी येते. त्याहून जास्त घातलं तर लेप जाऊन चायनीजच्या गाडीवरची ग्रेव्ही होते.

प्रश्न : रोहू, कटला चालतील का? आणि बोंबील?
(फतेहगंज)

उत्तर : रोहू-कटला चालतात, पण पोटाकडचे तुकडे मागा. तिथले काटे मोठे आणि मोजके, हाताला लागणारे. पाठीत आणि शेपटीकडे दुफाट्याचे बारीक काटे मांसात विखुरलेले असतात, आणि वर चिकट पाक असला की मुलांना ते जिभेवर ओळखता येत नाहीत. या माशांना तळ्याच्या मातीचा वास असतो, तेव्हा आगळ दोनाऐवजी तीन चमचे करा.

बोंबील नको. त्यात पाणीच इतकं, की पाकाचं सार होईल.

प्रश्न : ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये करता येईल?
(अनेक पत्रं)

उत्तर : येईल. ओव्हन २०० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. ताटलीला बटर पेपर लावा, तुकड्यांना तेलाचा हात, आठ मिनिटं भाजा, बाहेर काढून ब्रशनं पाक लावा, दोन मिनिटं, पुन्हा एकदा पाक, पुन्हा दोन मिनिटं. शेवटच्या चार मिनिटांत दारापुढून हलू नका. एअर फ्रायरला १८० अंश, आठ मिनिटं कोरडं, तीन मिनिटं पाकासह. त्यातली वाऱ्याची झोत पाक पटकन सुकवते, म्हणून थोडा पातळ ठेवा. टोपलीच्या जाळीतून गळलेला पाक खाली जळून धूर करतो. खालच्या भांड्यात दोन चमचे पाणी घालून ठेवलं की तो जळत नाही.

प्रश्न : घरात दहा महिन्यांचं बाळ आहे. त्याला यातला घास दिला तर चालेल?
(वाडी)

उत्तर : मधाचा पाक असेल तर मुळीच नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत, शिजवलेलाही नाही, त्यातले बोटुलिझम या गंभीर विषबाधेचे बीजाणू घरच्या आचेनं मरत नाहीत. गूळ-मिठाचीही त्याला गरज नसते. बाळाला मासा आधीपासून चालत असेल तर एक तुकडी मीठ न लावता बाजूला ठेवा, वाफवा, आणि बोटांनी कुस्करून एकेक काटा तपासून द्या.

प्रश्न : उरलेला पाक आणि उरलेला मासा किती दिवस टिकेल?
(दांडिया बाजार)

उत्तर : माशाला न लागलेला पाक काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये आठवडाभर. आंबट-गोड असल्यानं तो भाजलेल्या वांग्यावर किंवा पनीरवरही चालतो. ज्यात मासा पडला तो पाक माशाबरोबरच संपवा. शिजलेला मासा एरवी दोन तासांच्या आत, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तासाभरातच फ्रिजमध्ये गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी संपवा. पुन्हा तव्यावर तापवलात तर लेप करपेल, मासा रबर होईल. त्यापेक्षा काटे काढून कुस्करा, गरम भातात मिसळा, वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि हिरवी मिरची घाला. भाताच्या वाफेनं पाक आपोआप मऊ होतो.